विद्यापीठाचे आवार हेच पाठ्यपुस्तक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

३० मार्च २०२५ हा गुढीपाडव्याचा दिवस होता. तेलुगू भाषक त्याच दिवशी उगादी साजरी करतात. कचेऱ्या बंद होत्या, वर्ग भरायचे नव्हते, घरोघरी सणाची लगबग होती. नेमक्या त्या दिवशी हैदराबाद केंद्रीय विद्यापीठाला लागून असलेल्या चारशे एकरांच्या रानात बुलडोझर शिरले. वसतिगृहांतील विद्यार्थी धावत बाहेर आले आणि यंत्रांच्या वाटेत उभे राहिले. पोलिसांनी त्यांना ओढून नेऊन गाड्यांत घातले. काहींवर गुन्हेही दाखल झाले. यंत्रे मात्र थांबली नाहीत. रात्री प्रकाशझोत लावून झाडे पाडण्याचे काम चालू राहिले. अखेर ३ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सर्व काम तत्काळ थांबविण्याचा आदेश दिला. तोवर सुमारे शंभर एकरांवरील झाडी भुईसपाट झाली होती.

ह्या जमिनीचे नाव कांचा गच्चीबावली. कांचा म्हणजे कुरण. मराठवाड्यातील शेतकरी ज्याला गायरान म्हणेल तसली जमीन. विद्यापीठ १९७४ साली स्थापन झाले आणि त्याच्या वाट्याला सुमारे तेवीसशे एकरांचा खडकाळ, झुडुपी मुलूख आला. त्यातील हे चारशे एकर २००३ साली तत्कालीन राज्य सरकारने क्रीडासुविधा उभारण्यासाठी एका खाजगी कंपनीला देऊ केले. २००६ साली पुढच्या सरकारने तो व्यवहार रद्द केला. त्यावरून वर्षानुवर्षे दावे चालले आणि २०२४ साली न्यायालयात सरकारची बाजू कायम झाली. तेव्हा जमीन आमची, ती विकून माहिती-तंत्रज्ञानाचे उद्योग आणू, तरुणांना रोजगार देऊ, असे सरकारचे म्हणणे होते. सातबाऱ्याच्या भाषेत सरकारचा दावा लटका म्हणता येणार नाही. परंतु सातबारा ही जमिनीची एकमेव भाषा नव्हे, हे त्या विद्यार्थ्यांनी देशाला दाखवून दिले.

ते त्यांना कशाच्या बळावर दाखविता आले, हा आजच्या विवेचनाचा मुद्दा आहे. घोषणा त्यांच्यापाशी होत्याच. त्या कोणत्याही आंदोलनापाशी असतात. त्यांच्यापाशी त्याहून अधिक काही होते. त्या आवारात वर्षानुवर्षे पहाटे उठून पक्षी मोजणारे विद्यार्थी होते. तळ्यांवर, खडकांवर, झुडपांत काय जगते याची टिपणे ठेवणारे अध्यापक होते. दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली होती. चितळ, मोर, पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले कासव यांचा वावर ठाऊक होता. २०१० साली ह्याच आवारातून कोळ्याची एक नवी जात शास्त्राला ज्ञात झाली आणि तिच्या शास्त्रीय नावात हैदराबादचे नाव जोडले गेले. सरकारी कागद ज्या जमिनीला मोकळी म्हणत होता ती किती भरलेली आहे हे सांगणारा पुरावा विद्यार्थ्यांच्या वह्यांत तयार होता. संकट आल्यावर अभ्यास सुरू करून हे साधत नाही. अभ्यास आधीच झालेला होता म्हणून संकटाच्या चार दिवसांत तो कामी आला.

आता ह्या प्रसंगाशेजारी दुसरे एक चित्र ठेवून पाहावे. या देशातील महाविद्यालयांत पर्यावरण हा विषय सक्तीने शिकविला जातो. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने तो शाळा-महाविद्यालयांत अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. बारा वर्षे त्यांची नीट अंमलबजावणी झाली नाही, म्हणून डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा कान टोचावे लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. इराक भरूचा यांनी तयार केले. कला शाखेचा असो, वाणिज्याचा असो वा अभियांत्रिकीचा, प्रत्येक विद्यार्थ्याने हा विषय शिकलाच पाहिजे असे ठरले. जगातील फार थोड्या देशांनी इतका व्यापक निर्णय घेतला असेल.

त्या अभ्यासक्रमाचा आराखडा मुळात वाईट नव्हता. पन्नास तासांची आठ प्रकरणे आणि त्यांतील शेवटचे प्रकरण प्रत्यक्ष क्षेत्रकार्याचे. जवळची नदी, टेकडी वा रान पाहावे, एखादी प्रदूषित जागा पाहावी, परिसरातील वनस्पती, कीटक, पक्षी ओळखावेत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. शंभर गुणांपैकी पंच्याहत्तर लेखी परीक्षेला आणि पंचवीस ह्या क्षेत्रकार्याला होते. पण वेळ किती? पन्नासांपैकी पाच तास. हे पाच तासही अनेक ठिकाणी कागदावरच उरले. आदल्या वर्षीच्या विद्यार्थ्याची प्रकल्पवही नवे मुखपृष्ठ लावून पुढल्या वर्षी सादर व्हायची, ओझोनच्या थराची व्याख्या घोकली जायची, आणि ज्या इमारतीत ती परीक्षा होत होती तिच्या मागचा नाला कोठून येतो व कोठे जातो हे परीक्षा घेणाऱ्यालाही ठाऊक नसायचे. विषय सक्तीचा झाला, म्हणजे उत्तीर्ण होण्यापुरता झाला. पुढे अभ्यासक्रमाचे आराखडे बदलले, श्रेयांकांची पद्धत आली, २०२३ साली आयोगाने नवी मार्गदर्शक सूत्रे काढली. परंतु विद्यार्थ्याला खोलीत बसवून बाहेरचे जग सांगण्याची रीत जोवर बदलत नाही तोवर सूत्रे बदलून फारसे हाती लागणार नाही.

हैदराबादच्या विद्यार्थ्याला जे कळले ते पाठ्यपुस्तकातून कळले नाही. पायाखालच्या जमिनीतून कळले. तेव्हा विद्यापीठाचे आवार हे पर्यावरणाच्या शिक्षणाची सजावट नव्हे, ते त्याचे पहिले पाठ्यपुस्तक आहे, ही भूमिका परिवर्तनवादी चळवळीने स्पष्टपणे घेतली पाहिजे.

हे पाठ्यपुस्तक वाचावे कसे? आरंभ पाण्यापासून करता येईल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. एवढे एकच सूत्र हाती घेऊन विद्यार्थ्याला कितीतरी दूर जाता येते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे गणेशखिंडीतील आवार ४११ एकरांचे आहे. पुण्यात वर्षाकाठी साधारणतः सातशे मिलिमीटर पाऊस पडतो असे धरले, तर त्या आवारावर दर पावसाळ्यात सुमारे ११६ कोटी लिटर पाणी उतरते. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी लागते असा सरकारी मापदंड आहे. त्या हिशेबाने हे पाणी तेवीस हजारांहून अधिक माणसांना वर्षभर पुरावे. अर्थात सर्व पाणी अडविता येत नाही. काही झाडे पितात, काही हवेत जाते, काही जमिनीत मुरते. परंतु किती मुरते आणि किती गटारात जाते, हा प्रश्न विचारला की विद्यार्थी मोजू लागतो. डांबरी रस्ता, फरसबंद अंगण, गवताळ उतार आणि वडाखालची जमीन यांत पाणी कसे निरनिराळे वागते हे तो पाहू लागतो. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ साली सागरमाळावर उभे राहिले. माळावर पडलेला पाऊस कोणत्या बाजूंनी उतरतो, तो अडवावा कोठे, हा त्या भूमीने विचारलेला प्रश्न आहे. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था पवई तलावाच्या काठी आहे. शहराला पाणी पाजण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला तो तलाव जलपर्णीने का भरून जातो, ह्याचे उत्तर शोधण्यास काठावरच्या विद्यार्थ्याला दूर जावे लागत नाही. प्रत्येक आवाराला असा आपला एक प्रश्न असतो. तो शोधणे हाच पहिला धडा.

हा हिशेब केवळ विज्ञानाच्या विद्यार्थ्याचा नव्हे. पाणी किती, हे भूगोलाचा विद्यार्थी सांगेल. त्याची किंमत कोण भरतो, हे वाणिज्याचा विद्यार्थी काढील. ते आधी कोणाच्या वाट्याचे होते, हे इतिहासाचा विद्यार्थी धुंडाळील. वसतिगृहाला चोवीस तास पाणी आणि भिंतीपलीकडच्या झोपडपट्टीत नळावर हंड्यांची रांग, हे ज्याने पाहिले त्याला पर्यावरण हा सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे हे वेगळे शिकवावे लागत नाही.

दुसरा धडा कचऱ्याचा. येथे महाराष्ट्रापाशी एक असा अनुभव आहे की ज्याचा चळवळीला अभिमान वाटावा. १९९० साली पुण्यात श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागातील कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलींना अक्षरओळख करून देऊ लागल्या. शिकविणाऱ्या शिकणाऱ्यांबरोबर भल्या पहाटे उकिरड्यांवर गेल्या. तेथे त्यांच्या ध्यानात आले की, पाटी-पेन्सिलीआधी ह्या मुलींना आणि त्यांच्या आयांना हवा होता स्वच्छ, वेगळा केलेला कचरा, कचऱ्यावरचा हक्क आणि माणूस म्हणून मान. घरातच ओला व सुका कचरा वेगळा झाला तर बाईला घाणीत हात घालावा लागत नाही आणि तिच्या हाती चार पैसे अधिक पडतात, ही साधी गोष्ट त्या फेऱ्यांतून उमगली. त्यातून १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. हमालांच्या संघटनेचा अनुभव गाठीशी असलेल्या डॉ. बाबा आढावांचे मार्गदर्शन तिला लाभले. तिच्या सभासदांची ओळखपत्रे महानगरपालिकेने मान्य केली. पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम रीतसर त्यांच्याकडे आले.

ह्या उदाहरणाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. विद्यापीठाने समाजाला शहाणे केले, असा तो नाही. विद्यापीठाची माणसे भिंतीबाहेर गेली, कचरा वेचणाऱ्या बाईकडून शिकली आणि ते शिकणे संघटनेच्या रूपाने तिला परत केले, असा तो आहे. पुनर्वापर म्हणजे काय, हे शब्द पुस्तकात येण्यापूर्वीच ती बाई जाणत होती. दलित समाजातील, बहुतांशी दुष्काळाने शहरात लोटलेल्या बायकांनी हे ज्ञान हाताने कमावले होते. आवारातील खाणावळीचे खरकटे, प्रयोगशाळेतील काच, कचेरीतील कागद कोण उचलते, त्याला हातमोजे मिळतात की नाही, त्याची नेमणूक कायम की कंत्राटी, हे प्रश्न ज्या पर्यावरण-शिक्षणात येत नाहीत ते शिक्षण अर्धे आहे. झाडाला पाणी घालणाऱ्या माळ्याचे नाव ठाऊक नसलेला विद्यार्थी झाडाचे लॅटिन नाव सांगू लागला तर त्यात कौतुक करण्याजोगे फारसे नाही.

तिसरा धडा श्रमाचा. शिक्षण आणि हातांचे काम यांची फारकत करू नये हा विचार या मातीला परका नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली. त्याआधीपासून कर्मवीर भाऊराव पाटील वसतिगृहातील मुलांना शेतात, बांधकामावर राबवून शिकवीत होते. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते 'कमवा आणि शिका' हे तत्त्व घेऊनच. १९६९ साली गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, आणि १९७३ साली, महाराष्ट्र दुष्काळात होरपळत असताना, तिची शिबिरे 'दुष्काळाविरुद्ध तरुण' ह्या कार्यक्रमाने गावोगाव गेली. परंपरा आहे, ती आज कोठे येऊन ठेपली आहे, हे मात्र तपासावे लागेल. 'कमवा व शिका' योजनेतील गरीब घरचा मुलगा पुष्कळदा कचेरीत फायली हलवितो. त्याच मुलाला आवारातील विहिरींची पातळी, वीजमीटरांचे आकडे, खाणावळीत रोज वाया जाणारे अन्न, लावलेल्या रोपांपैकी जगलेली रोपे, यांची नोंद ठेवण्याचे काम मोबदला देऊन का सोपवू नये? त्याला पैसा मिळेल, विद्या मिळेल आणि विद्यापीठाला आपला खरा जमाखर्च मिळेल. पर्यावरण हा खात्यापित्या घरच्या मुलांचा छंद आहे, हा आक्षेप अशा रीतीने कृतीतून खोडून काढता येतो.

येथे एका धोक्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. विद्यापीठे आज 'हरित परिसरा'च्या पाट्या लावू लागली आहेत. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या, म्हणजे नॅकच्या, निकषांत पर्यावरणाला स्थान मिळाल्यापासून हरित लेखापरीक्षणाच्या जाडजूड फायली तयार होऊ लागल्या. समिती यायच्या आठवड्यात कुंड्या येतात, समिती गेल्यावर त्या सुकतात. पाच जूनला पाहुण्यांच्या हस्ते रोप लावले जाते आणि पुढल्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरे लावले जाते. हे लेखापरीक्षण बाहेरची संस्था शुल्क घेऊन करते. विद्यार्थ्याला त्याचा एक आकडाही दिसत नाही. शिक्षणाची संधी अशी फायलीत बंद करून टाकणे हा शिक्षणाचाच पराभव आहे. एखादे आवार शेजाऱ्यापेक्षा अधिक वीज जाळते, असे विद्यार्थ्याने मोजून जाहीर केले तर विद्यापीठाची अब्रू जात नाही; उलट ते विद्यापीठ म्हणवून घेण्यास पात्र ठरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो चळवळीच्या आतूनही येतो. बेकारी एवढी असताना झाडे आणि पाखरे मोजायची का? तेलंगणच्या सरकारनेही रोजगाराचेच कारण पुढे केले होते. याचे उत्तर टाळता कामा नये. भूमिहीनांना पडीक जमीन मिळावी म्हणून दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली सत्याग्रह केले; हजारो माणसे तुरुंगात गेली. गायरानाचा तुकडा मागणाऱ्या त्या माणसाला सरकारने वर्षानुवर्षे ताटकळत ठेवले. तीच जमीन महानगराच्या कडेला असली आणि तिला बाजारभाव आला की मात्र सणाच्या दिवशीही यंत्रे धावतात. प्रश्न झाड की रोजगार असा नाहीच. सार्वजनिक जमिनीचा उपयोग कोणी ठरवायचा, कोणासाठी ठरवायचा आणि ठरविताना कोणाला विचारायचे, असा तो आहे. ज्या शहरात पाणी मुरायला जागा उरत नाही, तेथे पहिल्या जोराच्या पावसात घर कोणाचे बुडते आणि मजुरी कोणाची बुडते, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही.

म्हणूनच आवाराचा प्रश्न अखेर लोकशाहीच्या प्रश्नापाशी येऊन थांबतो. कोणते झाड तोडावे, कोठे इमारत उठवावी, कंत्राट कोणाला द्यावे, हे निर्णय बंद दाराआड होतात. त्यांत विद्यार्थ्याला स्थान नसते, कंत्राटी सफाई कामगाराला तर नसतेच. महाराष्ट्रात १९९३ नंतर महाविद्यालयांतील खुल्या निवडणुका बंद झाल्या. २०१६च्या विद्यापीठ कायद्याने त्यांना पुन्हा जागा दिली, परंतु कायद्यातील जागा आणि आवारातील जागा यांत अंतर राहिले. निवडून आलेला विद्यार्थी प्रतिनिधी नसेल तर मोजलेले आकडे कोणासमोर ठेवायचे? शिक्षणाने प्रश्न विचारायला शिकवावे आणि व्यवस्थेने विचारण्याची जागाच ठेवू नये, ही विसंगती पर्यावरणाच्या शिक्षणाला आतून पोखरते.

कार्यकर्त्यांनी काय करावे, हे आता फार विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांतून प्रतिनिधी निवडून जातात. त्यांनी दर वर्षी पाणी, वीज, कचरा, जमीन आणि श्रम यांचा जमाखर्च मराठीत, सर्वांना वाचता येईल असा, मांडण्याचा आग्रह अधिसभेत धरावा. तो जमाखर्च विद्यार्थ्यांनीच तयार केलेला असावा आणि परीक्षेतील गुण त्यावर मिळावेत. आवारातील माळी, सफाई कामगार, खाणावळीतील स्वयंपाकी यांना वर्गात बोलावून त्यांच्याकडून शिकण्याची प्रथा पाडावी आणि त्यांच्या किमान वेतनाचा प्रश्न त्याच वर्गात चर्चेला यावा. तालुक्याच्या गावी असलेले महाविद्यालय चार एकरांचे असले तरी तेथे हे सर्व करता येते. चारशे एकरांची त्यासाठी गरज नाही. ज्या गावातून विद्यार्थी येतो त्या गावाची विहीर, ओढा आणि गायरान हे त्याच्या आवाराचेच पुढचे पान मानावे. सुट्टीत घरी गेलेल्या मुलीने गावच्या विहिरीची पातळी मोजून ग्रामसभेत सांगितली, तर त्या दिवशी विद्यापीठ खऱ्या अर्थाने त्या गावात पोहोचले असे म्हणता येईल.

हे काम संथ आहे. त्यात मोर्चाचा आवेश नाही आणि वर्तमानपत्रात छायाचित्र येण्याची शक्यताही कमी. पण मित्रहो, कांचा गच्चीबावलीच्या रानात जे चार दिवस निर्णायक ठरले त्यांच्या मागे कित्येक वर्षांच्या संथ पहाटा होत्या. त्या पहाटे पक्षी मोजणाऱ्या विद्यार्थ्याला आपण पुरावा गोळा करीत आहोत याची कल्पनाही नसेल. तो आपले आवार वाचत होता. भुईसपाट झालेले शंभर एकर पुन्हा उभे राहण्यास काळ लागेल. उरलेले तीनशे त्या दिवसांत वाचले, ते ज्यांना त्यांची ओळख होती त्यांच्यामुळे. महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यापीठाच्या कुंपणालगत असे एखादे रान, तळे, टेकडी वा ओढा आहे. त्याची ओळख असलेले विद्यार्थी त्या आवारात आज किती आहेत, एवढे मोजण्यापासून जरी आरंभ झाला तरी पुष्कळ झाले.